नांगर : शेतातला आणि समुद्रातला

(श्रद्धा-शिक्षण : कुटुंबात व समूहसभेत वाचण्यासाठी)
वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७



आपल्या मराठी भाषेत 'नांगर' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्या धर्मग्रामातील जी कुटुंबे नगर, जालना, संभाजीनगर भागातून इकडे आली, त्यांना नांगर म्हटले की बैलजोडी, काळी जमीन आणि रुमण्यावर घट्ट धरलेला हात आठवतो. ज्यांची मुळे वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर आहेत, त्यांना नांगर म्हटले की दोराला बांधलेले जड लोखंड आठवते. ते समुद्राच्या तळाला रुतते आणि होडीला वाहून जाऊ देत नाही. एक नांगर पुढे चालतो, दुसरा धरून ठेवतो.

पवित्र शास्त्रात हे दोन्ही नांगर आहेत. लूकच्या शुभवर्तमानात (९:६२) प्रभू येशू नांगरावर हात ठेवून मागे वळून पाहणाऱ्या माणसाविषयी बोलतो. इब्री लोकांस पाठवलेल्या पत्रात (६:१९) ख्रिस्ती आशेला आत्म्याच्या नांगराची उपमा दिली आहे. छळाच्या काळात रोमच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या भुयारी दफनभूमीत मृतांच्या नावाशेजारी हाच समुद्रातला नांगर कोरला. या लेखात आम्ही एवढेच सांगू इच्छितो की अचानक दिवस पालटतात तेव्हा श्रद्धेने ही दोन्ही कामे करायची असतात. तिने आपल्याला धरून ठेवायचे असते आणि पुढचे तास ओढायलाही लावायचे असते.

बदलातून उभा राहिलेला आपला परिसर

आपण राहतो तो पट्टाच मुळी अनपेक्षित बदलातून घडला आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला. सुमारे एक लाख माणसे होती. भरल्या घराला कुलूप लावून निघालेली ही माणसे बराकीत राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि छावणीचे 'उल्हासनगर' झाले. पुढे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील कित्येक शेतकरी व शेतमजूर कुटुंबे शहरांकडे वळली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील वा आजीआजोबा असेच काहीतरी मागे ठेवून इथे आले.

आल्यावरही बदल थांबले नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण परिसरातील घरांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २०२० मध्ये टाळेबंदी आली. राज्यातील प्रार्थनास्थळे मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली आणि २०२१ मध्ये पुन्हा काही महिने बंद झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यांत अंबरनाथचे कारखानेही आले. 'सरकारी कारखाना म्हणजे जन्माची भाकरी' असे म्हणणाऱ्या घरांतही तेव्हा रात्री उशिरापर्यंत चर्चा चालल्या. मोरिवलीच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्यांना तर पुढच्या महिन्याची शिफ्ट मिळेल की नाही हेही ठाऊक नसते.

हे झाले सर्वांना दिसणारे बदल. घरातले बदल कोणी नोंदवत नाही. अहवालातला एक वाईट शब्द, मोडलेले लग्न, परदेशी गेलेला आणि फोन न करणारा मुलगा, एका सकाळी न उठलेली आई यांची बातमी होत नाही.

श्रद्धा म्हणजे काय नव्हे

या अवस्थेत श्रद्धा कोणत्या उपयोगाची, हे पाहण्यापूर्वी तीन गैरसमज दूर केले पाहिजेत.

पहिला : श्रद्धा म्हणजे विमा. 'मी नियमाने मिस्साला जातो, रोझरी म्हणतो, मग माझ्यावर संकट येणार नाही,' असे आपण नकळत गृहीत धरतो. पण मत्तयच्या शुभवर्तमानात (७:२४-२७) प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतातील दोन्ही घरांवर पाऊस पडतो, दोन्हींकडे पूर येतो आणि दोन्हींवर वारा आदळतो. खडकावरचे घर टिकते, पण कोरडे राहत नाही.

दुसरा : संकट म्हणजे शिक्षा. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा समज येशूने स्पष्टपणे नाकारला (लूक १३:४-५). जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हाही त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप हे कारण त्याने मान्य केले नाही (योहान ९:१-३). म्हणून आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचे पाप शोधण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरा : श्रद्धा म्हणजे नशीब. 'देवाची इच्छा' असे म्हणून आपण हात जोडतो आणि पुष्कळदा लगेच ते हात बांधूनही घेतो. नशीब मानणाऱ्याला काही करायचे उरत नाही. ख्रिस्तसभेची दैवी योजनेविषयीची शिकवण निराळी आहे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की परमेश्वर आपली योजना मानवाच्या स्वातंत्र्याला बाजूला सारून नव्हे, तर त्याच्याद्वारेही पूर्ण करतो. म्हणून वैद्याचे औषध, शेजाऱ्याने दिलेला हात आणि आपण भरलेला नोकरीचा अर्ज ही सारी दैवी योजनेची साधने होऊ शकतात.

मग श्रद्धा म्हणजे काय? दर रविवारी अनेकदा उच्चारलेल्या एका शब्दात उत्तर आहे. 'आमेन' हा हिब्रू शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ पक्के असणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे. श्रद्धेसाठी असलेला हिब्रू शब्दही त्याच मुळापासूनचा. श्रद्धा ठेवणे म्हणजे जो पक्का आहे त्याच्यावर आपला भार टाकणे. नांगराचे बळ खाली रुतायला मिळालेल्या खडकात असते. आपली श्रद्धा दुबळी वाटली तरी ज्याच्यावर ती टाकली आहे तो ख्रिस्त दुबळा नाही.

चौदाव्या रात्रीचे चार नांगर

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ उघडा. संत पौल कैदी म्हणून जहाजाने रोमला निघाला आहे. क्रेत बेटावरून पुढे जाऊ नये असा इशारा तो देतो. शताधिपती मात्र जहाजाच्या मालकाचे व सुकाणू धरणाऱ्याचे ऐकतो (ओवी ९-११). मंद वारा सुटतो, सर्वांना हायसे वाटते आणि थोड्याच वेळात वादळ झडप घालते. आधी माल, मग जहाजाचे सामान समुद्रात टाकले जाते. अनेक दिवस ना सूर्य दिसतो ना तारे. संत लूक प्रांजळपणे लिहितो की वाचण्याची सारी आशा मावळली (ओवी २०).

यात चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक : हे संकट माणसाच्या निर्णयातून आले होते. घरावर आलेली प्रत्येक आपत्ती परमेश्वराने धाडलेली नसते. काही आपल्या वा दुसऱ्याच्या हट्टातून, व्यसनातून, न झेपणाऱ्या कर्जातून येतात. पण ज्यांनी पौलाचे ऐकले नाही त्यांनाही परमेश्वर सोडून देत नाही. त्या जहाजावरील सर्व २७६ जीव तो पौलाच्या पदरात घालतो.

दोन : जहाज वाचेल असे वचन नव्हते, माणसे वाचतील असे होते (ओवी २२). आपण जहाजालाच जीव समजतो. नोकरी, फ्लॅट, पद, समाजातले नाव ही जहाजे आहेत. ती मोलाची आहेत, त्यांच्यासाठी झटावे. पण ती बुडाली म्हणजे आपण बुडालो असे नाही.

तीन : चौदाव्या रात्री खलाशांनी जहाजाच्या मागून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली (ओवी २९). त्या क्षणी वादळ शमवणे कोणाच्या हाती नव्हते. हाती होते ते नांगर टाकणे आणि रात्र काढणे. काही वेळा श्रद्धेचे एवढेच काम असते.

चार : शेवटी जहाज फुटले. काही जण पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर आणि फुटक्या जहाजाच्या तुकड्यांवर किनाऱ्याला लागले (ओवी ४३-४४). जे मोडले त्याच्याच फळ्यांनी त्यांना तारले. हे विसरू नका. पुढे पुन्हा याकडे यायचे आहे.

आपले चार नांगर

त्या चार नांगरांना संत लूकने नावे दिलेली नाहीत. आपल्या उपयोगासाठी आपण ती देऊ या.

१. खरी प्रार्थना. संकटात पुष्कळ जण प्रार्थना सोडतात, कारण मनात राग असतो आणि रागाने प्रार्थना करू नये असे वाटते. स्तोत्रसंहिता वाचून पाहा. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. प्रभू येशूने क्रूसावर २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश स्वतःच्या ओठांवर घेतला. परमेश्वरापाशी केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच. त्याच्याकडे पाठ फिरवून गप्प बसण्यापेक्षा त्याच्या समोर उभे राहून रडलेले बरे.

२. रविवारची मिस्सा. त्या जहाजावर पौलाने भाकर घेतली, सर्वांदेखत परमेश्वराचे आभार मानले, ती मोडली आणि तो खाऊ लागला. तेव्हा इतरांनाही धीर आला (ओवी ३५-३६). आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवते. नोकरी गेलेला घरकर्ता पहिल्यांदा मिस्साला यायचे बंद करतो. दानाच्या झोळीत टाकायला नोट नसते, आणि बाहेर कोणीतरी 'सध्या कुठे?' असे विचारील याची धास्ती असते. अशा बंधूंना आम्ही कळकळीने सांगतो, वेदीजवळ येण्यासाठी नोकरी लागत नाही. रिकामा हातच पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास योग्य असतो.

३. समूह. अंधाराचा फायदा घेऊन खलाशी छोट्या होडीतून गुपचूप पळून जाऊ पाहत होते. हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव नाही, असे पौलाने शिपायांना बजावले (ओवी ३०-३२). वादळात एकट्याने पळण्याचा मोह होतो. आपले लहान ख्रिस्ती समूह केवळ मे व ऑक्टोबरातील रोझरीसाठी नाहीत. आपल्या इमारतीतील, चाळीतील कोणते कुटुंब महिनाभर दिसले नाही, एवढे जरी प्रत्येक समूहाने पाहिले तरी पुष्कळ झाले.

४. आजचे काम. हा चौथा नांगर शेतातला. इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमचे लोक बाबेलला बंदिवान म्हणून नेले गेले. हनन्या नावाचा संदेष्टा म्हणाला, दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल. लोकांना ते गोड वाटले; पण ते खोटे होते (यिर्मया २८). यिर्मयाने त्यांना पत्र पाठवले : घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षे लागतील (यिर्मया २९:४-१०). याच पत्रातील अकरावी ओवी, परमेश्वराच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत असे सांगणारी, आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. ती ज्यांना लिहिली त्यांच्यातील बहुतेक थोरांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरीही त्यांना सांगितले, मळे लावा. आजही 'अमुक सभांना या, महिन्यात नोकरी लागेल, आजार पळेल' अशी हमी देणारे भेटतात. हमी देणारा प्रत्येक जण परमेश्वराचा निरोप्या नसतो, हे हनन्याची गोष्ट सांगते. परमेश्वर चमत्कार करतो. पण त्याची तारीख ठरवण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिलेला नाही.

वसईचा संत आणि मोडक्या फळ्या

मघाशी फळ्यांचा उल्लेख केला. त्याचा अर्थ आपल्याच मुलखातील एका संताच्या जीवनात स्पष्ट दिसतो. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. कोवळ्या वयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. ज्या दारावर वर्षानुवर्षे थाप मारली ते उघडलेच नाही.

ते व्यापाराकडे वळले. व्यापारात त्यांचा जम बसला, पण मन बसले नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये फिलिपिन्सहून संत पीटर बाप्टिस्ट यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे एक शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले. त्यांना दुभाषा हवा होता. फुकट गेली असे वाटणाऱ्या वर्षांत गोन्सालो जी भाषा शिकले होते, तीच आता मिशनची वाणी झाली. मोडलेल्या जहाजाची ती फळी होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून संशय व वाद निर्माण झाले आणि हिदेयोशीचा रोष ख्रिस्ती लोकांवर कोसळला. त्या जहाजाशी गोन्सालो यांचा काही संबंध नव्हता. तरीही ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आले, त्यांत ते होते. त्या २६ जणांत १७ सामान्य प्रापंचिक होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८६२ मध्ये नववे पायस यांनी त्यांना संतपद जाहीर केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

त्यांची श्रद्धा त्यांना मृत्यूपासून वाचवू शकली नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण आयुष्यात इतके फेरे येऊनही ते ख्रिस्तापासून सुटले नाहीत आणि प्रत्येक वळणावर हाती आलेले काम करीत राहिले. दोन्ही नांगर त्यांच्यापाशी होते.

'आमच्याच घरी का?'

मयताच्या घरी आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, आम्ही रोज रोझरी म्हणतो, मग आमच्याच घरी का?" या प्रश्नाला आमच्यापाशी एका वाक्याचे उत्तर नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. ३०९) सांगतो की दुःखाच्या प्रश्नाला कोणतेही झटपट उत्तर पुरेसे नाही, सगळी ख्रिस्ती श्रद्धा मिळूनच त्याचे उत्तर होते. लाजरसच्या कबरीपाशी येशू काय करतो ते पाहा. थोड्याच वेळात आपण याला उठवणार हे त्याला माहीत आहे, तरी तो आधी रडतो (योहान ११:३५). म्हणून शोकाच्या घरी गेल्यावर 'देवाला आवडला म्हणून नेला', 'तुमची परीक्षा आहे' अशी वाक्ये बोलू नयेत. जवळ बसावे. चहा करावा. नवव्या दिवसानंतर सगळे पांगतात, तेव्हा पुन्हा एकदा जावे. पुनरुत्थानावरचा आपला विश्वास त्या घराला आधी आपल्या पायांनी कळतो, मग शब्दांनी.

आणि ज्यांच्यावर आज वादळ नाही त्यांनीही हे वाचून ठेवावे. नांगराचा दोर वादळात वळता येत नाही, तो शांत दिवसांत वळून ठेवावा लागतो. रात्री दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना, मुलांबरोबर वाचलेले शुभवर्तमान, वेळेवर केलेला पापकबुलीचा संस्कार हे त्या दोराचे पदर आहेत.

समूहसभेत चर्चेसाठी

१. माझ्या आयुष्यातील कोणत्या 'जहाजाला' मी माझा जीव समजून बसलो आहे?
२. आमच्या घराण्यात कोणता मोठा बदल येऊन गेला? तेव्हा कोणत्या 'फळीने' आम्हाला किनाऱ्याला लावले? घरातील थोरांनी हे मुलांना सांगावे.
३. आपल्या समूहातील कोणते कुटुंब सध्या दिसत नाही? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल? गरज मोठी असल्यास समूहप्रमुखांना किंवा आम्हाला कळवावे. नाव गुप्त राहील.

प्रार्थना

हे प्रभू येशू ख्रिस्ता, काल, आज आणि युगानुयुग तू तोच आहेस. आमचे दिवस पालटतात, काम पालटते, माणसे दूर जातात. अंधारात आम्हाला धरून ठेव. उजाडल्यावर हातात काम दे आणि ते करण्याचे बळ दे. आज ज्यांचे जहाज फुटले आहे त्यांना फळी मिळू दे, आणि ती फळी होण्याची वेळ आमच्यावर आली तर आम्हाला मागे वळू देऊ नकोस. पवित्र मरीये, संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

आपला प्रभूमध्ये,
धर्मगुरू